फॅन आणि ब्लोअरची नियमित देखभाल: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

तुमच्या ताब्यात फॅन-ब्लोअर नुकतेच आले असतील तर पाना जरा बाजूला ठेवा आणि आधी वही उघडा. फॅनमध्ये फिरणारे भाग मोजकेच, म्हणून ते यंत्र साधं वाटतं आणि त्याच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. त्यातून तो छतावर, चिमणीच्या पायथ्याशी किंवा धुळीच्या कोपऱ्यात उभा असतो. पण बहुतेक बिघाडांची चाहूल तो बरीच आधी देतो. कंपन थोडं वाढतं, बेअरिंग पाच-सात अंश जास्त तापतं, अँपिअर सरकतात. ही चाहूल ओळखायची तर यंत्र ठणठणीत असताना हे आकडे किती होते ते ठाऊक असावं लागतं. ते कुठेही लिहिलेले नसतील तर देखभाल म्हणजे नुसता अंदाज.

पायरी १: समोर नेमकं कोणतं यंत्र आहे?

बोलताना सगळ्यालाच ब्लोअर म्हणतात, पण देखभाल करणाऱ्याला तीन प्रकार वेगळे कळायला हवेत.

सेंट्रिफ्युगल फॅनमध्ये हवा इम्पेलरच्या, म्हणजे पात्यांच्या फिरत्या चाकाच्या, मधोमध शिरते आणि कडेने बाहेर फेकली जाते. डॅम्पर (हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप) बंद ठेवून सुरू केला की मोटरवर भार कमी येतो, म्हणून तो तसाच सुरू करतात आणि वेग आल्यावर डॅम्पर हळूहळू उघडतात. अ‍ॅक्सिअल फॅनमध्ये हवा शाफ्टच्या दिशेने सरळ जाते आणि गणित उलटं होतं: वाट बंद असेल तर भार वाढतो, म्हणून डॅम्पर उघडा ठेवूनच बटण दाबायचं. तिसरा रूट्स ब्लोअर. त्यात दोन लोब, म्हणजे फुगीर टोकांचे रोटर, एकमेकांना न टेकता फिरतात आणि हवेचे ठरावीक घोट पुढे ढकलतात. त्याचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून तो कधीही सुरू करायचा नाही. हवेला जायला जागा नसली तरी तो ढकलतच राहतो आणि दाब चढत जातो. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारा) उडाला तर ठीक, नाहीतर मोटर ट्रिप होते किंवा लोब तापून, फुगून एकमेकांना घासतात.

प्रकार कळला की नेमप्लेट उतरवून घ्या: किलोवॅट, आरपीएम, पूर्ण भाराचे अँपिअर. सोबत दोन्ही बाजूंच्या बेअरिंगचे नंबर, बेल्टचा नंबर आणि संख्या, आणि सध्या कोणतं ग्रीस भरलं आहे त्याचं नाव. या शेवटच्या रकान्यापाशी बरेच जण अडतात. स्टोअरमध्ये जे असेल ते भरलं, असं उत्तर आलं तर पहिलं काम तुम्हाला सापडलंच.

पायरी २: मूळ आकडे लिहून ठेवा

फॅन नेहमीच्या भारावर किमान दोन-तीन तास चालू द्या आणि मग लिहा:

- दोन्ही बेअरिंगचं तापमान आणि त्या वेळचं आजूबाजूचं तापमान
- तिन्ही फेजचे अँपिअर
- डॅम्पर किती उघडा आहे, सक्शन आणि डिलिव्हरीचा दाब
- प्रत्येक बेअरिंगवर तीन दिशांचं कंपन: आडवं, उभं आणि शाफ्टच्या दिशेचं

कंपन जिथे मोजलं त्या जागांवर पेंटने ठिपका द्या. पुढच्या वेळी दुसऱ्याने दुसरीकडे मीटर टेकवला तर आकड्यांची तुलनाच करता येत नाही. इन्फ्रारेड गनचंही तसंच आहे. चकचकीत धातूवर ती तापमान बरंच कमी दाखवते. हाउसिंगवर, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या पेटीवर, काळ्या मॅट रंगाचा छोटा पट्टा मारा आणि नेहमी तिथेच गन रोखा.

कंपनाला मर्यादा किती? ३०० किलोवॅटपर्यंतच्या नेहमीच्या औद्योगिक फॅनसाठी आयएसओ १४६९४ मध्ये असे आकडे आहेत: पक्क्या फाउंडेशनवर नवा फॅन सुरू करताना सेकंदाला ४.५ मिमीपर्यंत, ७.१ ला सावध व्हायचं, ९ ला बंद करायचं. स्प्रिंग किंवा रबर माउंटवर बसवलेल्या फॅनला हेच आकडे ६.३, ११.८ आणि १२.५. मर्यादा माहीत हव्यातच, पण मी त्यांच्यापेक्षा वहीवर जास्त भरवसा ठेवतो. कायम १.५ वर असणारा फॅन महिन्याभरात ३ वर आला, तर तो मर्यादेत आहे म्हणून सोडून द्यायचा नसतो. कंपन दुप्पट झालंय, म्हणजे आत काहीतरी बदललंय.

पायरी ३: हात घालण्याआधी यंत्र खरंच थांबवा

स्टॉप बटण दाबलं म्हणजे फॅन बंद झाला असं धरू नका. आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) उघडा, त्याला स्वतःचं टाळं लावा, किल्ली खिशात ठेवा, टॅग अडकवा आणि लोकल पॅनलवरून एकदा स्टार्ट दाबून पाहा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर आतले कपॅसिटर वीज काढल्यावरही भारित असतात. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा आणि व्होल्टेज तपासून मगच टर्मिनलला हात लावा.

नव्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही ती गोष्ट पुढे आहे. वीज तोडली तरी इम्पेलर फिरू शकतो. चिमणीच्या ओढीमुळे किंवा त्याच डक्टवर शेजारचा फॅन चालू असेल तर हवा आतून जात राहते आणि चाक संथपणे फिरतं, कधी उलट्या दिशेनेही. बंद डॅम्परमधूनही थोडी गळती असतेच. म्हणून केसिंगचं, म्हणजे फॅनच्या बाहेरच्या कवचाचं, दार उघडण्याआधी शाफ्ट पूर्ण थांबल्याची खात्री करा आणि शाफ्ट लॉकने किंवा साखळीने इम्पेलर अडकवून टाका. फिरतं चाक लाकूड घालून थांबवायला जाऊ नका. अडकवलेली साखळी काढायची नोंद वर्क परमिटवरच लिहून ठेवा, नाहीतर सुरू करताना ती आतच राहते.

भट्टीच्या किंवा बॉयलरच्या वायूचा फॅन असेल तर आत शिरण्याआधी ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणं आणि बाहेर एक माणूस उभा ठेवणं आलंच.

पायरी ४: रोजची फेरी

पाच मिनिटांचं काम आहे, पण रोज त्याच क्रमाने करा. आधी दुरून आवाज ऐका. बेल्ट चिरकतोय का, घासल्याचा आवाज आहे का, बेअरिंगची घरघर येतेय का. मग तापमान आणि अँपिअर लिहा, फाउंडेशन बोल्ट आणि गार्डवर नजर टाका, कॅनव्हास जोड फाटून हवा सुटतेय का पाहा. हाउसिंगखाली ग्रीस किंवा तेल सांडलेलं दिसलं तर का सांडलं ते शोधा. पुसून टाकलं की खूण गेली.

अँपिअर वाचताना एक लक्षात घ्या. सेंट्रिफ्युगल फॅनचे अँपिअर कमी झाले की लोकांना बरं वाटतं, पण त्याचा अर्थ बहुधा हवा कमी जातेय: फिल्टर तुंबला, डॅम्परची लिंक निसटली किंवा बेल्ट घसरतोय. अँपिअर वाढले तर कुठे डक्टचं दार उघडं राहिलंय का, फिल्टरची बॅग फाटलीय का, ते पाहा. गरम वायूच्या फॅनला आणखी एक कारण असतं. २०० अंश सेल्सिअसच्या हवेची घनता २० अंशांच्या हवेच्या जेमतेम ६२ टक्के असते, आणि फॅनला लागणारी शक्ती घनतेच्या प्रमाणात बदलते. गरम वायूच्या हिशोबाने निवडलेली मोटर थंड हवेवर पूर्ण डॅम्पर उघडून चालवली तर ओव्हरलोड होणारच. तापमान चढेपर्यंत डॅम्पर आवळून ठेवायचा.

पायरी ५: बेअरिंग आणि ग्रीस

इथे थोडा वेळ थांबू. ग्रीस कमी पडून बेअरिंग जातं हे सगळ्यांना माहीत असतं, पण जास्त भरल्यानेही जातं हे पटत नाही. हाउसिंग गच्च भरलं की रोलर ते ग्रीस सतत घुसळत राहतात, तापमान चढतं, ग्रीसमधलं तेल सुटतं आणि उरतो ते तेल धरून ठेवणारा कोरडा साबण. हाउसिंगमधली मोकळी जागा एक-तृतीयांश ते निम्मी भरलेली पुरते.

किती भरायचं याचं सूत्र सोपं आहे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिमीमध्ये घ्या, गुणाकार करा आणि ०.००५ ने गुणा. उत्तर ग्रॅममध्ये येतं. २२२१६ नंबरचं बेअरिंग घेतलं तर व्यास १४० आणि रुंदी ३३, म्हणजे सुमारे २३ ग्रॅम. हे ग्रीस बाजूने शिरत असेल तेव्हा. निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगमधल्या खाचेवर उघडत असेल तर ०.००२ ने गुणायचं, म्हणजे त्याच बेअरिंगला नऊ-साडेनऊ ग्रॅम.

आता तुमच्या ग्रीस गनच्या एका दाबाला किती ग्रॅम निघतं? प्रत्येक गनचं वेगळं असतं. दहा दाब कागदावर काढा, वजन करा, दहाने भागा आणि तो आकडा गनवरच लिहून ठेवा. ‘चार-पाच स्ट्रोक मार’ ही सूचना त्यानंतर कुणी देत नाही.

प्रत्यक्ष भरताना निप्पल आधी फडक्याने पुसा, नाहीतर ग्रीसच्या आधी धूळ आत जाते. ड्रेन प्लग उघडा. निप्पल गार्डच्या बाहेरून पोहोचत असेल तर फॅन चालू असतानाच हळूहळू भरा, म्हणजे ग्रीस सगळीकडे नीट पसरतं. गार्ड काढून चालू यंत्राला ग्रीस भरायचं नाही, त्यासाठी निप्पलला पाइप जोडून घ्या. जादा ग्रीस बाहेर पडेपर्यंत ड्रेन उघडा ठेवा. भरल्यावर काही तास तापमान थोडं चढतं आणि मग खाली येतं. दुसऱ्या दिवशीही चढलेलंच असेल तर जास्त भरलं गेलंय.

बाहेर आलेलं जुनं ग्रीस फेकण्याआधी बोटांत चोळून पाहा. खरखर लागली तर सीलमधून धूळ येतेय, चंदेरी चमक दिसली तर धातू झिजतोय, दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. ही तपासणी फुकटात होते आणि तरी क्वचितच कुणी करतं.

दोन वेगवेगळ्या जातींची ग्रीस मिसळू नका. लिथियम आणि पॉलियुरिया एकत्र आले की मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. ब्रँड बदलायचाच असेल तर हाउसिंग उघडून जुनं ग्रीस पूर्ण काढा. आणि किती दिवसांनी भरायचं ते मॅन्युअलमधून घ्या, पण बेअरिंग ७० अंशांच्या वर चालत असेल तर वरच्या दर १५ अंशांना तो कालावधी निम्मा धरा.

बेअरिंग बदलायची वेळ आली तर एक चूक हमखास होते: दोन्ही हाउसिंगमध्ये अडकाव रिंगा बसवल्या जातात. एक बेअरिंग पक्कं आणि दुसरं शाफ्टच्या दिशेने सरकायला मोकळं, अशीच रचना हवी. एक मीटर पोलादी शाफ्ट १०० अंश तापला की सुमारे १.२ मिमी वाढतो. दोन्ही टोकं जखडली तर ही वाढ बेअरिंगवरच भार टाकते, आणि नवं बेअरिंग काही दिवसांत ओरडायला लागतं. उघडताना कोणत्या बाजूला रिंग होती त्याचा फोटो काढून ठेवा.

पायरी ६: बेल्ट आणि पुली

बेल्टचा ताण पाहताना दोन पुलींमधल्या मोकळ्या लांबीच्या मधोमध बेल्ट दाबा. दर मीटरला साधारण १६ मिमी दबला पाहिजे. त्यासाठी किती जोर लावायचा ते बेल्ट बनवणाऱ्याच्या तक्त्यात असतं, आणि ताण मोजायची छोटी काठी मिळते. अंगठ्याचा अंदाज माणसागणिक बदलतो. ताण कमी असेल तर बेल्ट घसरतो आणि जळतो. जास्त असेल तर बेल्ट शांत चालतो, पण मोटरचं बेअरिंग मरतं, आणि दोष बेअरिंगच्या माथी जातो.

सेटमधला एक बेल्ट तुटला तर सगळे बदला. जुने ताणलेले असतात, त्यामुळे सगळा भार नव्या एकट्यावर येतो. बसवताना मोटर सरकवून जागा करा. स्क्रूड्रायव्हरने उचकटून चढवलेल्या बेल्टच्या आतले धागे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर बेल्ट तळाला टेकतोय, म्हणजे खाच झिजली आहे. तिथे नवा बेल्टही टिकणार नाही. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून पाहा: दोन्ही पुलींच्या कडांना मिळून ती चार ठिकाणी टेकली पाहिजे.

हवा कमी पडतेय म्हणून पुली बदलून वेग वाढवायची सूचना कधीतरी येईलच. ती ऐकण्याआधी हिशोब करा. वेग १० टक्के वाढला की हवा १० टक्के वाढते, पण शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ३३ टक्के जास्त. इम्पेलरवरचा ताणही २१ टक्के वाढतो. उत्पादकाला विचारल्याशिवाय हे करायचं नाही.

पायरी ७: इम्पेलर

कंपन वाढलं की लोक थेट बॅलन्सिंगवाल्याला बोलावतात. तो येतो, चिकटलेल्या मळासकट चाक बॅलन्स करतो, वजन लावतो आणि जातो. पुढे मळाचा एक पोपडा गळतो आणि कंपन पुन्हा वर. क्रम असा ठेवा: आधी साफसफाई, मग बोल्ट आणि फाउंडेशन, मग अलाइनमेंट (मोटर आणि फॅन एका रेषेत आणणं), आणि शेवटी गरज उरली तरच बॅलन्सिंग.

थोड्याशा मळाने काय होतं? १ मीटर व्यासाच्या चाकाच्या कडेला ५० ग्रॅमचा गोळा एका बाजूला चिकटला आणि चाक १४५० आरपीएमने फिरतंय. त्या गोळ्याची ओढ जवळपास ५९ किलो वजनाएवढी असते, आणि तिची दिशा प्रत्येक फेऱ्याला बदलते. वेग २९०० केला तर चौपट, म्हणजे सुमारे २३५ किलो. म्हणून अर्धवट साफसफाई न केलेल्यापेक्षा वाईट. सगळीकडे सारखा थर असेल तर चाक निदान समतोलात असतं. पाती दोन्ही बाजूंनी, विशेषतः मागच्या बाजूने खरवडा, कारण मळ तिथेच लपून साचतो. पोकळ पाती असतील तर आत पाणी किंवा धूळ शिरली आहे का तेही पाहा. पाण्याने धुतलं तर केसिंगच्या तळाचं ड्रेन छिद्र मोकळं करा आणि सुकल्यावरच चालवा.

साफ चाकावर मग झीज आणि तडे शोधा. पाती आणि मागची प्लेट जिथे वेल्डने जोडलेली असतात तिथे तडे सुरू होतात, आणि डाय पेनिट्रंटने, म्हणजे तड्यांत शिरणाऱ्या रंगाने, ते लगेच दिसतात. तडा दिसला तर फॅन बंदच राहील, त्यावर चर्चा नको. चाकावर वेल्डिंग करावंच लागलं तर अर्थिंगचा क्लॅम्प चाकावरच लावा. तो बेडवर लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर खड्डे पडतात.

बंद करण्याआधी इनलेट कोन (हवा आत नेणारं नरसाळं) आणि इम्पेलरमधली फट चार ठिकाणी मोजा आणि ड्रॉइंगशी ताडून पाहा. फट वाढली की हवा तिथूनच परत फिरते आणि दाब पडतो. एका बाजूला कमी, दुसरीकडे जास्त असेल तर केसिंग सरकलंय किंवा शाफ्ट बसलाय.

कंपनाची दिशाही बरंच सांगते. आडवं जास्त आणि शाफ्टच्या वेगाशी जुळणारं असेल तर असमतोल, शाफ्टच्या दिशेने जास्त असेल तर अलाइनमेंट किंवा वाकलेला शाफ्ट, उभं जास्त असेल तर सैल पाया. हे पक्के नियम नाहीत, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

पायरी ८: कपलिंग आणि मोटर

कपलिंग, म्हणजे मोटर आणि फॅनचे शाफ्ट थेट जोडणारा भाग, असेल तर आधी मोटरचे चारही पाय बेडवर सपाट टेकतात का ते पाहा. एकेक बोल्ट सैल करून डायल गेजवर पाय उचलला जातो का ते मोजा, आणि त्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) द्या. हे न करता अलाइनमेंट केलं तर बोल्ट आवळताच ते बिघडतं. १५०० आरपीएमला दोन शाफ्टच्या मध्यरेषांमधला फरक ०.०५ मिमीच्या आसपास आणा.

मोटरचे कूलिंग फिन आणि मागच्या पंख्याची जाळी साफ ठेवा. वर्षातून एकदा ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं उपकरण) इन्सुलेशन तपासा. व्हीएफडी असेल तर आधी केबल सोडवा, नाहीतर मेगर ड्राइव्हच जाळेल. लो-व्होल्टेज मोटरला ५ मेगाओमपेक्षा कमी आलं तर सुरू न करता आधी सुकवा.

रूट्स ब्लोअरसाठी वेगळं

इथे ग्रीसइतकंच तेल महत्त्वाचं. ब्लोअर बंद असताना काचेत तेल मध्यावर दिसलं पाहिजे, दोन्ही बाजूंना. जास्त भरलं तर गिअर ते उडवत राहतात आणि तापतं. सक्शन फिल्टरकडे दुर्लक्ष करू नका: तो तुंबला की दाबाचं गुणोत्तर वाढतं, हवा जास्त तापते, लोब फुगतात आणि मधली बारीकशी फट संपते. डिलिव्हरीचं तापमान रोज लिहा. हवा कमी करायची तर वेग कमी करा किंवा बायपास उघडा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळू नका. रिलीफ व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडतो का ते अधूनमधून तपासा, कारण वर्षभर न उघडलेला व्हॉल्व्ह गंजून बसलेला असू शकतो.

कधी काय

तापमान, आवाज आणि अँपिअर रोज. बेल्ट आणि फिल्टर आठवड्याला. कंपन महिन्याला. ग्रीस हिशोबाने येईल तेव्हा. इम्पेलरची आतून पाहणी तीन महिन्यांनी, आणि कपलिंग, मेगर, झीज वर्षाच्या शटडाउनला. धूळ जास्त असेल तर हे सगळं जवळ आणा. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं.

स्टँडबाय फॅन या यादीतून निसटतो. शेजारच्या यंत्रांच्या थरथरीने त्याचे रोलर एकाच जागी घासत राहतात आणि रिंगवर खाचा पडतात. दर आठवड्याला टाळं लावून शाफ्ट हाताने काही फेरे फिरवा आणि दर वेळी वेगळ्या कोनात थांबवा. शक्य असेल तर महिन्यातून एकदा तो तासभर चालवून चालू फॅनशी अदलाबदल करा.

पायरी ९: पुन्हा सुरू करताना

अवजारं मोजा, साखळी काढली का पाहा, चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा, गार्ड लावा आणि मगच टाळं काढा. मोटरची केबल सुटलेली असेल तर क्षणभर बटण दाबून दिशा तपासा. सेंट्रिफ्युगल फॅन उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त खूपच कमी. त्यामुळे हवा येतेय म्हणजे दिशा बरोबर, असं मानू नका. केसिंगवरचा बाण पाहा.

सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी, त्याच ठिपक्यांवर तेच आकडे घ्या आणि जुन्या आकड्यांच्या शेजारच्या रकान्यात लिहा. बेल्ट नवे असतील तर २४ तासांनी फॅन पुन्हा थांबवून ताण तपासा, ते नक्की सैलावलेले असतील.